वेबपानांवर परस्पर झालेले बदल पकडणारी स्क्रिप्ट: खोटे इशारे कसे थांबवायचे?

कोरीपाटी:

नमस्कार मंडळी,

एका संकेतस्थळाची ४० पानं कोणी परस्पर बदलली तर लगेच कळावं म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट लावली आहे. यादीतलं एकेक पान कर्लने (पान उतरवणारी कमांड) आणायचं, पाइपने (एका कमांडचं उत्तर दुसरीला जोडून) थेट शा२५६सम कडे द्यायचं आणि आलेला हॅश (मजकुराचा ठसा, मजकूर बदलला की वेगळा येतो) फाइलमधल्या जुन्या हॅशशी ताडायचा. वेगळा निघाला तर मेल पाठवायचा आणि नवा हॅश जुन्याच्या जागी लिहून ठेवायचा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर १५ मिनिटांनी चालते. निम्मी पानं साधी एचटीएमएल आहेत, उरलेली वर्डप्रेसची. सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअर आहे, म्हणजे वाचकांना पानं पोचवणारी मधली सेवा (सीडीएन).

आता अडचण. संपर्काचं पान प्रत्येक फेरीला 'बदललं' म्हणून येतं. वर्डप्रेसच्या ज्या पानांवर फॉर्म आहेत ती दिवसातून दोनदा येतात, लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०० आणि १२ वाजल्यानंतरची पहिली फेरी. आणि मधूनच कधीतरी सगळ्याच्या सगळ्या ४० पानांचे इशारे एकदम येतात, पुढच्या फेरीला परत ४०. प्रत्यक्षात कुठेही काही बदललेलं नसतं. इतके मेल येतात की लोक ते न उघडताच पुसू लागले आहेत, आणि खरी काळजी तीच आहे.

हे कशामुळे होतंय? नुसता हॅश पुरेसा आहे का? आणि स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर चालते, ते चालेल का? जाणकारांनी सांगावं.

पाइपलाइन:

तिन्ही लक्षणांची कारणं वेगवेगळी आहेत.

४० इशारे एकदम: त्या फेरीचे हॅश उघडून बघा. सगळीकडे एकच हॅश असेल आणि तो ई३बी०सी४४२ ने सुरू होत असेल, तर तो रिकाम्या मजकुराचा शा२५६ आहे. कर्लला काही मिळालंच नाही (नेटवर्क तुटलं, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) अडला, वेळ संपली), पण पाइपचा एक्झिट कोड (यश की अपयश सांगणारा आकडा) शेवटच्या कमांडचा असतो. शा२५६सम ने इमानेइतबारे शून्य बाइटचा हॅश काढला आणि 'यशस्वी' म्हणून सांगितलं. पुढच्या फेरीला पान नीट आलं की तोही 'बदल', म्हणून परत ४०. हॅश वेगवेगळे असतील, पण त्या फेरीतल्या पानांचे आकार जवळपास सारखे असतील, तर क्लाउडफ्लेअरने खऱ्या पानाऐवजी 'तुम्ही माणूस आहात का' हे तपासणारं पान दिलं असणार.

यूटीसी ०० आणि १२: हा वर्डप्रेसचा नॉन्स, म्हणजे विनंती खरोखर याच साइटच्या पानावरून आली का ते तपासायची खूण. फॉर्ममध्ये किंवा पानातल्या एखाद्या जेसनमध्ये (स्क्रिप्टसाठी लिहिलेली माहिती) ही १० अक्षरांची खूण असते. तिचं आयुष्य २४ तासांचं, पण ती दर १२ तासांनी बदलते, आणि ते १२ तास युनिक्स वेळेवरून (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) मोजले जातात. त्यामुळे बरोबर यूटीसी ०० आणि १२ ला नवी खूण तयार होते. लॉगिन न केलेल्या सगळ्यांना तीच मिळते, म्हणून मधल्या काळात पान स्थिर दिसतं.

संपर्काचं पान: तिथे ईमेल पत्ता आहे ना? क्लाउडफ्लेअर तो लपवताना प्रत्येक वेळी नवी किल्ली वापरतो, म्हणून डेटा-सीएफईमेल या गुणधर्मातली अक्षरं दर वेळी वेगळी येतात.

पण या तिन्हींपेक्षा गंभीर गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: नवा हॅश जुन्याच्या जागी आपोआप लिहिला जातो. म्हणजे बिघडवलेल्या पानाचा एकच मेल येणार आणि १५ मिनिटांनी तेच पान 'मूळ' ठरणार. तो एक मेल कोणी न वाचता पुसला, की विषय संपला. मूळ प्रत बदलण्याचा हक्क स्क्रिप्टला कधीच देऊ नका. बदल टिकून आहे तोवर इशारा चालू राहिला पाहिजे. माणसाने फरक डोळ्यांनी बघून वेगळी 'मान्य' कमांड चालवली, तरच मूळ प्रत बदलावी.

मी स्क्रिप्ट अशी बांधेन. आधी पान फाइलमध्ये उतरवा, पाइप नको. कर्लला फेल पर्याय द्या, म्हणजे ४०० किंवा वरचा स्टेटस आला की तो २२ कोड देऊन थांबतो. जास्तीत जास्त वेळ २० सेकंद. रीडायरेक्टच्या मागे जाऊ द्या, पण राइट-आउट पर्यायाने शेवटचा पत्ता, स्टेटस आणि आकार नोंदवून घ्या, कारण पान दुसऱ्याच डोमेनवर जाऊन पोचलं तर ती स्वतःच मोठी बातमी आहे. कर्लचा कोड शून्य नसेल तर 'आणता आलं नाही' ही वेगळी नोंद करा. सलग तीन फेऱ्या तसं झालं तरच मेल. त्यात एक अपवाद: कोड ६० म्हणजे प्रमाणपत्र पटलं नाही, तो लगेच कळवा.

मग पानात एखादं ओळखीचं वाक्य आहे का ते ग्रेपने बघा, उदाहरणार्थ तळटिपेतलं संस्थेचं नाव. ते नसेल तर आलेलं पान तुमचं नाही. 'माणूस आहात का' वाली पानं फेल पर्यायातून सुटली तर इथे गळतात. मात्र गाळलेली प्रतही जपा, कारण घुसखोराने अख्खं पान बदललं तरी हे वाक्य गायब होणार. त्यामुळे हा प्रकारही सलग आला की मेल गेलाच पाहिजे.

त्यानंतर सफाई. सेडने नॉन्सच्या जागी ठरावीक शब्द ठेवा. पॅटर्न जितका अरुंद तितका चांगला: त्या विशिष्ट नावाच्या फील्डची बरोबर १० अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच. 'नॉन्स असलेली अख्खी ओळ उडवा' असं करू नका. वर्डप्रेसची बरीच पानं लांबलचक ओळींची असतात, त्या ओळीत दुसरं काय घुसवलंय ते कळणारच नाही. ईमेलचा तुकडा तर पुसू नकाच, उलगडा. पहिली दोन हेक्स अक्षरं म्हणजे किल्ली, पुढची प्रत्येक जोडी तिच्याशी एक्सॉर (दोन आकड्यांचे बिट ताडून मिसळणं) केली की खरा पत्ता मिळतो. पायथनमध्ये तीन ओळींचं काम. कोणी संपर्काचा ईमेलच बदलून स्वतःचा टाकला तर तो असा पकडला जातो.

आणि हॅशबरोबर साफ केलेली अख्खी प्रत ठेवा. हॅश फक्त 'बदललं' एवढंच सांगतो. मेलमध्ये डिफच्या (दोन प्रतींतला फरक दाखवणारी कमांड) पहिल्या ४० ओळी आल्या की वाचणाऱ्याला काही क्षणांत निर्णय घेता येतो, आणि मग मेल उघडलेही जातात. या प्रती गिट रिपॉझिटरीत (फाइलींच्या आवृत्त्या जपणारी सोय) ठेवल्यात तर 'मान्य' म्हणजे फक्त एक कमिट (नव्या आवृत्तीची नोंद), आणि कोणी कधी काय मान्य केलं याचा इतिहासही आपोआप राहतो.

लॉगवाचक:

वरचं निदान नेमकं आहे. 'नुसता हॅश पुरेसा आहे का' याचं उत्तर मात्र अजून राहिलं आहे: नाही. कारण पानाचं एचटीएमएल एका अक्षरानेही न बदलता वाचणाऱ्याला मिळणारं पान पूर्ण बदलू शकतं.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ग्राहकांची कार्डं चोरली गेली ती मॉडर्नायझर नावाच्या नेहमीच्या जावास्क्रिप्ट फाइलला जोडलेल्या अवघ्या २२ ओळींमुळे. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनवरून येणारी स्क्रिप्ट, डोमेनची मालकी बदलल्यानंतर, मोबाइलवरच्या वाचकांना भलत्या साइटवर पाठवू लागली. ती स्क्रिप्ट १ लाखाहून जास्त संकेतस्थळांवर होती, आणि त्यांच्या स्वतःच्या पानांत काहीही बदल झाला नव्हता.

म्हणून प्रत्येक पानातून दोन गोष्टी वेगळ्या काढा. एक, वाचायचा मजकूर. दोन, 'धोक्याची यादी': सगळ्या स्क्रिप्टचे पत्ते, आयफ्रेमचे (पानात बसवलेलं दुसरं पान) पत्ते, फॉर्म कुठे सबमिट होतो ते ऍक्शन, मेटा रिफ्रेश (आपोआप दुसऱ्या पत्त्यावर नेणारा टॅग), बेस टॅग (पानातल्या दुव्यांचा मूळ पत्ता ठरवणारा), आणि पानात थेट लिहिलेल्या प्रत्येक स्क्रिप्टचा स्वतंत्र हॅश. ब्युटिफुल सूप या पायथनच्या लायब्ररीने हे सहज होतं. यादी सॉर्ट करून ठेवा, नाहीतर प्लगिनने क्रम बदलला तरी आरडाओरड होईल. मग यादीत आलेली प्रत्येक जावास्क्रिप्ट फाइलही आणा आणि तिचा हॅश ठेवा. बाहेरच्या डोमेनवरची स्क्रिप्ट तिचा मालक वरचेवर बदलत असेल तर तिचा हॅश निरुपयोगी. तिथे निदान डोमेन बदललं नाही एवढं पाहा. जी बदलायला नको अशी बाहेरची फाइल असेल तिला इंटेग्रिटी गुणधर्म लावा, शा३८४ च्या मूल्यासह, आणि क्रॉसओरिजिन गुणधर्म विसरू नका. मग फाइल बदलली तर ब्राउझर ती चालवतच नाही. ते संरक्षण स्क्रिप्टच्या इशाऱ्यापेक्षा केव्हाही बरं.

लिंक्स या फक्त मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरचा डंप (पानाचा साधा मजकूर) वापरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मजकुरासाठी तो उत्तम आहे. तो सीएसएस (पानाची सजावट आणि मांडणी) बघत नाही, त्यामुळे पानात लपवलेले जुगाराचे किंवा औषधांचे दुवेही त्यात उघडे पडतात. पण स्क्रिप्ट आणि फॉर्मचं ऍक्शन त्यात दिसत नाही. तेवढ्यावर विसंबून राहू नका.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे माणूस बघून पान बदलणं. घुसवलेला कोड बहुतेक वेळा विचारतो: हा गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचणारा प्रोग्राम) आहे का? गूगलच्या निकालावर क्लिक करून आलाय का? मोबाइल आहे का? उत्तर 'हो' असेल तरच कचरा दाखवतो. साइटचा मालक पत्ता टाइप करून थेट डेस्कटॉपवर येतो, त्याला स्वच्छ पान. नुसत्या कर्ललाही स्वच्छ पान. तेव्हा महत्त्वाची चार-पाच पानं तरी चार वेषांत आणा: साधा डेस्कटॉप ब्राउझर, मोबाइल ब्राउझर, गूगलचा रेफरर (कुठून आलात तो पत्ता) लावलेला ब्राउझर, आणि गूगलबॉटचा यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो ती). आणि या चार प्रती मूळ प्रतीशी ताडाच, पण एकमेकींशीही ताडा. काही कोड गूगलबॉटची आयपीवरून खात्री करून घेतात, त्यांना हा वेष फसवत नाही. तिथे गूगलच्या सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत 'लाइव्ह' चाचणी करून गूगलला दिसलेलं एचटीएमएल हाताने बघावं लागतं.

रोबोट्स डॉट टीएक्सटी आणि साइटमॅप (शोधयंत्रांसाठीच्या फाइली) यादीत घाला. काही हल्ले जुन्या पानांना हातही लावत नाहीत, हजारो नवी पानं तयार करून साइटमॅपला जोडतात.

कोरीपाटी:

दोघांचेही मनापासून आभार. त्या फेऱ्यांमध्ये खरंच सगळीकडे ई३बी०सी४४२ वालाच हॅश आहे. प्रती ठेवून डिफ काढला तर फॉर्मच्या पानांवर नॉन्स, आणि संपर्काच्या पानावर डेटा-सीएफईमेलशिवाय आणखी एक ओळ: स्टाइलशीटच्या पत्त्यामागे 'व्हीईआर=' आणि पुढे एक मोठा आकडा, जो दर वेळी वेगळा.

यावर दोन प्रश्न. व्हीईआरचा भाग सरळ कापू का? आणि फरक दिसला की ६० सेकंद थांबून पान परत आणायचं, दुसऱ्यांदा ठीक असेल तर सोडून द्यायचं, असं केलं तर?

पाइपलाइन:

तो आकडा १० अंकी असेल तर ती युनिक्स वेळ आहे. थीम लिहिणाऱ्याने कॅशे टाळायला आवृत्तीच्या जागी चालू वेळ टाकली आहे. त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरलाही ती फाइल दर वेळी नव्याने उतरवावी लागते, म्हणजे दोष थीममध्येच दुरुस्त करण्यासारखा आहे. तोवर त्या एका फाइलपुरता १० अंकी आकडा बदलून घ्या. बाकीच्या फाइलींचं व्हीईआर ठेवा. तिथे आवृत्ती बदलली म्हणजे प्लगिन अद्ययावत झालं, आणि ते कोणी केलं हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

परत आणून बघणं मजकुरासाठी चांगलं. सीडीएनच्या एका केंद्रावर जुनी प्रत राहिली असेल तर तेवढ्यात निवळते.

लॉगवाचक:

इथे मात्र मी अडवेन. मजकुरासाठी ठीक, धोक्याच्या यादीसाठी अजिबात नको. घुसवलेला कोड अनेकदा एका आयपीला एकदाच दर्शन देतो. दुसऱ्या वेळी तोच आयपी आला की स्वच्छ पान. 'दुसऱ्यांदा ठीक' हा निकष लावलात तर नेमका तोच हल्ला सुटेल. दुसरी शक्यता: मागे दोन-तीन सर्व्हर असतील आणि त्यातला एकच बिघडला असेल, तरी पान कधी असं तर कधी तसं येतं.

तेव्हा नवा स्क्रिप्ट-पत्ता, नवा आयफ्रेम, फॉर्मचं बदललेलं ऍक्शन किंवा अनोळखी डोमेनकडे रीडायरेक्ट यातलं काहीही एकदा जरी दिसलं तरी तत्काळ मेल, आणि पहिली आलेली प्रत हेडरसकट जपून ठेवायची. ती पुन्हा मिळेलच असं नाही.

पाइपलाइन:

मान्य. एका आयपीला एकदाच दिसणाऱ्या कोडचा मुद्दा माझ्या लिहिण्यात आला नव्हता. नियम असाच लावा.

मूळप्रत:

तिसरा प्रश्न, त्याच सर्व्हरवर चालेल का: पानं आणणारी स्क्रिप्ट तिथे नको. सर्व्हर ज्याच्या हातात गेला त्याच्या हातात तुमची स्क्रिप्ट, मूळ प्रती आणि मेलची व्यवस्था हे सगळं गेलं. शिवाय सर्व्हर स्वतःच्या डोमेनची विनंती परस्पर स्वतःकडेच वळवत असेल तर मधला सीडीएन आणि डीएनएस वगळला जातो. अशा वेळी कोणी डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलून सगळी ये-जा दुसरीकडे वळवली तर सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला सगळं आलबेल दिसेल. म्हणून पहारा वेगळ्या यंत्रावरून, आणि त्या यंत्राकडे संकेतस्थळाचा कोणताही पासवर्ड किंवा किल्ली नको. नेमसर्व्हरच्या नोंदी आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचं नावही तिथूनच रोज एकदा ताडा.

सर्व्हरवर करायचं काम वेगळं आहे: फाइलींची तपासणी. त्यासाठी एड वापरा, ए-आय-डी-ई. एकदा इनिट केलं की तो प्रत्येक फाइलचा हॅश, मालक, परवानग्या यांचा डेटाबेस करतो, चेक केलं की फरक सांगतो. डेटाबेसची प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. वर्डप्रेसच्या गाभ्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसचं कमांडलाइन साधन) कोअर व्हेरिफाय-चेकसम्स ही कमांड रोज चालवा. ती अधिकृत चेकसमशी ताडते आणि गाभ्याच्या फोल्डरमध्ये आगंतुक फाइल असली तर तेही सांगते. प्लगिनसाठीही तशी कमांड आहे, पण विकतच्या प्लगिनांचे चेकसम तिला मिळत नाहीत. थीम तर ती बघतच नाही. त्या दोन्हींची मूळ प्रत तुम्हालाच ठेवावी लागेल.

अपलोड्सचं फोल्डर सतत बदलतं म्हणून लोक ते तपासणीतून वगळतात, आणि मागच्या दाराची पीएचपी फाइल नेमकी तिथेच सापडते. हॅश वगळा, पण त्या फोल्डरात पीएचपी विस्ताराच्या किती फाइली आहेत हे फाइंडने रोज मोजा. एखादं प्लगिन रिकामी इंडेक्स फाइल ठेवतं, तेवढी सोडून उत्तर शून्य यायला हवं. डॉट एचटीऍक्सेस आणि डॉट यूजर डॉट आयएनआय या दोन फाइलींवर खास लक्ष: दुसरीत ऑटो प्रिपेंड फाइलची एक ओळ टाकली की प्रत्येक पीएचपी पानाआधी भलताच कोड चालतो.

'गेल्या २४ तासांत बदललेल्या फाइली' शोधताना एमटाइम (फाइलचा मजकूर बदलल्याची वेळ) वापरू नका. टच कमांडने तो हवा तसा मागे नेता येतो. सीटाइम (फाइलचा मजकूर किंवा नोंद बदलल्याची वेळ) वापरा, टचने तो मागे नेता येत नाही.

फाइलींची तपासणी कितीही कडक केली तरी डेटाबेसमध्ये घुसवलेला मजकूर तिला दिसत नाही. पोस्टमध्ये चिकटवलेली स्क्रिप्ट किंवा ऑप्शन्स तक्त्यात बदललेला साइटचा पत्ता फक्त बाहेरून आणलेल्या पानातच दिसतो. म्हणून दोन्ही हवंच.

टर्मिनलप्रेमी:

क्रॉनबद्दल चार गोष्टी, कारण स्क्रिप्ट हाताने चालते आणि क्रॉनमधून मुकी होते, हे कायमचं दुखणं.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. लॉगच्या नावात तारीख घालायची म्हणून डेट कमांड तिथेच लिहिली तर ती अर्धवट चालते. तारीख स्क्रिप्टच्या आत काढा. क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो आणि चालू फोल्डर तुमचं नसतं, म्हणून प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग द्या. एक फेरी लांबली तर दुसरी तिच्या अंगावर येऊ नये म्हणून फ्लॉक (कुलूप लावणारी कमांड) लावा, न थांबता परत जाण्याच्या पर्यायासह. आणि वर 'चूक होताच थांब' म्हणून सेट-ई लिहिलं असेल तर लक्षात ठेवा: डिफला फरक सापडला की तो १ कोड देतो, ग्रेपला काही सापडलं नाही तरी १. म्हणजे खरा बदल दिसला त्याच क्षणी, मेल जायच्या आधी, स्क्रिप्ट मरते. डिफ आणि ग्रेप इफच्या अटीत लिहा. डिफचा २ कोड म्हणजे त्याचीच काही अडचण, तो वेगळा हाताळा.

फेरी पूर्ण झाली की शेवटी एका फाइलला टच करा, आणि दुसऱ्या यंत्राने ती फाइल तासाभरापेक्षा जुनी झाली का ते बघावं. मेल येत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही होतो आणि पहारेकरी मेला आहे असाही. ते वेगळं करायला हवं.

दोन पानांच्या मध्ये २-३ सेकंदांचा स्लीप ठेवा. यूजर एजंट आणि आयपी क्लाउडफ्लेअरच्या नियमांत सूट म्हणून नोंदवला तर 'माणूस आहात का' थांबेल. मात्र ती सूट साध्या फेरीलाच द्या. वेष पालटून होणारी तपासणी दुसऱ्या आयपीवरून, सूट न देता करा.

कोरीपाटी:

हे सगळं लावतो. शेवटचं एक: इशारा खरा निघाला तर पहिलं काय करायचं? मूळ फाइल लगेच परत टाकायची का?

मूळप्रत:

लगेच नको. आधी वाचकांना वाचवा: क्लाउडफ्लेअरवरून साइट देखभालीच्या स्थिर पानाकडे वळवा, याला दोन मिनिटं लागतात आणि सर्व्हरला हात लागत नाही. मग सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्या आणि ऍक्सेस लॉग, एरर लॉग, एफटीपी व एसएसएचचे लॉग बाहेर उतरवून घ्या, कारण लॉग फिरतात आणि जुने पुसले जातात. डेटाबेसचा डंपही घ्या.

बिघडलेल्या फाइलचा सीटाइम बघा आणि ऍक्सेस लॉगमध्ये त्याच्या आगेमागे दहा मिनिटांतल्या पोस्ट प्रकारच्या (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या वाचा. दार बहुतेक तिथेच सापडतं: कोणतं प्लगिन, कोणता पत्ता. ते न शोधता नुसती फाइल बदलली तर माणूस त्याच दाराने परत येतो.

दार सापडलं की पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट किल्ल्या बदला. सॉल्ट बदलले की सगळ्यांची चालू लॉगिनं तुटतात, घुसखोराचंही. अनोळखी प्रशासक आणि सर्च कन्सोलमध्ये नव्याने जोडलेला मालक काढा. मगच स्वच्छ प्रत टाका, सीडीएनची कॅशे रिकामी करा, आणि पहाऱ्याच्या यंत्राला देखभालीच्या पानाऐवजी खरी साइट दिसेल असं करून स्क्रिप्ट चारही वेषांत हाताने एकदा चालवा. डिफ पूर्ण कोरा आला तर देखभालीचं पान काढा.